परवाना ताईच्या नावावर

माझी मोठी बहीण परदेशी गेली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. त्याआधी ती शिवणकाम करायची. ब्लाऊज, ड्रेस, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवायची, पण तिचं खरं नाव होतं रफूसाठी. सिगरेटने जळालेला कोट किंवा खिळ्याला अडकून फाटलेली रेशमी साडी आली की बाजारातले शिंपी गिऱ्हाइकाला सरळ तिचा पत्ता द्यायचे. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे उसवून काढायची आणि त्याच धाग्यांनी भोक भरायची. कपडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कापडावरून बोट फिरवत विचारायचं, "नक्की कुठे फाटलं होतं हो?" ताई म्हणायची, "आता मलाही सापडत नाही. मजुरी मात्र द्या."

परदेशाचं खूळ तिचं नव्हतं, भावोजींचं होतं. ते एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं होते. कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे दिवसभर कुठला ना कुठला नळ दुरुस्त करत राहतो. दोन वर्षांत घरातला एकही नळ त्यांनी धड ठेवला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची बिट्टी, तेव्हा बारावीला होती. अशात कुणीतरी त्यांना एका सभेला नेलं. गळ्यात टाय बांधलेला एक सल्लागार पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता की, चित्रातल्या या देशात नोकरीवर जायचं तर तुमचं वय उलटलं, शिक्षणही अपुरं. पण एक वाट आहे. तिथला चालू असलेला छोटा धंदा विकत घ्या. दोन वर्षं स्वतः चालवा. तिथलं निदान एक माणूस पूर्णवेळ कामावर ठेवा. दोन वर्षं नीट पार पडली की नवरा, बायको आणि एकवीसच्या आतली मुलं, सगळ्यांना कायम राहायचा परवाना.

भावोजी त्या दिवशी घरी आले ते उड्या मारतच. "आपण नोकरी मागायला जाणारच नाही," ते ताईला म्हणाले, "मालक म्हणून जाणार."

अट एकच होती. ज्याच्या नावावर अर्ज, त्याला तिथल्या भाषेची परीक्षा द्यायची. भावोजी दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. लेखी बरं जायचं, पण तोंडी परीक्षेत समोर माणूस बसला की त्यांची दातखीळ बसायची. तिसऱ्यांदा फी भरण्याऐवजी ताईला बसवून बघू, असं सल्लागार म्हणाला. ताई मशीनवर बसल्या बसल्या वर्षानुवर्षं बिट्टीकडून शाळेतले त्याच भाषेतले पाठ म्हणून घ्यायची. ऐकून ऐकून तिला भाषा येत होती, फक्त ते तिला माहीत नव्हतं. ती एका दमात पास झाली.

"घरात मीच जास्त बोलते हे आता सरकारनंही लिहून दिलं," ती मला हसत म्हणाली. भावोजी हसले नाहीत. अर्ज तिच्या नावावर गेला. राहतं घर विकलं ते पैसे धंद्यासाठी, आणि सल्लागाराने शोधून दिलेलं एक ड्रायक्लीनिंगचं दुकान तिच्या नावावर झालं. ताईला कपड्यातलं कळतं, दुकानात शिवणकामालाही वाव आहे, यापेक्षा चांगलं काय मिळणार, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

दुकान एका रुंद रस्त्यावर होतं, एका बाजूला केस कापायचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा. पुढे काउंटर, त्यामागे छताला टांगलेली फिरती साखळी आणि तिच्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट. मध्ये वाफेच्या इस्त्रीचं टेबल. सगळ्यात मागे, खिडकी नसलेल्या खोलीत, धुलाईचं मोठं यंत्र. त्यात पाणी नसतं. एक पातळ, पाण्यासारखाच दिसणारा द्रव असतो, त्यात कपडे घुसळले जातात, मग तिथेच वाळतात. आधीचा मालक म्हातारा होता. त्याने पंधरा दिवस राहून सगळं शिकवलं. डाग कसे काढायचे, कुठल्या कापडाला किती वेळ द्यायचा, आठवड्यातून एकदा यंत्राच्या तळाचा काळा गाळ कसा खरवडून काढायचा. शिकवताना तो मागचं दार सताड उघडं ठेवायचा. बाहेर कडाक्याची थंडी, ताई कुडकुडायची. तिने विचारलं तर म्हणाला, "मला गरम होतं." पंधरा दिवसांनी तो आपल्या मुलीकडे, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी निघून गेला.

कामावर ठेवायचं माणूस आधीपासूनच होतं. पंचावन्नची एक बाई, एकोणीस वर्षं तिथेच इस्त्री करत होती. आम्ही तिला इस्त्रीवालीच म्हणायचो. हातावर भाजल्याचे जुने चट्टे होते आणि तोंड फाटकं. पहिल्याच दिवशी तिने ताईला बजावलं, "मी इस्त्री करीन, काउंटर बघीन, झाडून काढीन. त्या मागच्या खोलीत मी जात नाही. पटत असेल तर राहते."

ताईला वाटलं, बाईला जास्तीचं काम नको आहे. नोकरांचे असले नखरे तिने पाहिले होते. आणि ही गेली तर दुसरं माणूस शोधा, नवे कागद करा. तिने मान डोलावली.

भावोजींनी गाडी चालवायचा परवाना काढला आणि हॉटेलांतून, कार्यालयांतून कपडे आणायचं-पोचवायचं काम घेतलं. त्यामुळे यंत्र ताईकडे आलं. आपलं शिवणाचं मशीन कुठे ठेवायचं हाही प्रश्न होता. पुढे जागा अरुंद, आणि दर दोन मिनिटांनी दार उघडून गार वारा आत. मागच्या खोलीत यंत्राला लागून एक कोपरा मोकळा होता. छान ऊब होती तिथे. तिने मशीन तिथे मांडलं. थंडी वाजते म्हणून मागचं दार लावून घेतलं. यंत्र आपला पन्नास मिनिटांचा फेरा मारायचं तोवर ती पँटी आखूड करायची, कोटांची अस्तरं बदलायची. फोनवर मला म्हणायची, "छोटे, इथे एक गोडसर वास येतो बघ. पहिल्यांदा डोकं दुखायचं, आता सवय झाली."

दुकान चाललं. इतकंच की भाडं, इस्त्रीवालीचा पगार आणि तिघांचं खाणं निघत होतं. बिट्टी कॉलेजात जाऊ लागली. भावोजींच्या अंगावर जरा तेज आलं. पण ओठांवर मात्र सगळ्यांच्या एकच हिशेब असायचा, दोन वर्षांतले किती महिने झाले. चार झाले. सात झाले. वर्ष झालं. बिट्टीने स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर लावलं होतं आणि रोज एक दिवस खोडायची.

वर्ष उलटल्यावर ताईच्या बोलण्यात बारीकसारीक गोष्टी यायला लागल्या. सुईत दोरा जात नाही. चष्मा बदलला तरी जात नाही. जिना उतरताना एक पायरी आहे असं वाटतं आणि नसते. एकदा दूध उतू जाऊन, करपून, सगळं घर धुरकटलं आणि ती तिथेच ओट्यापाशी उभी. बिट्टी धावत आली, "आई, वास नाही आला तुला?" ताईला वास आला नव्हता. तिने मग मसाल्याचा डबा उघडून एकेक वाटी नाकाशी धरून पाहिली. कशालाच वास नव्हता.

हे मला तिने गंमत म्हणून सांगितलं. मीही हसले. "वय झालं तुझं," मी म्हणाले.

चौदाव्या महिन्यात उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. नुसता ठेवला असला तरी. ती हात मांडीखाली दाबून बसायची. एक दिवस कुणा म्हाताऱ्याचा कोट रफूला आला. मेलेल्या बायकोने घेऊन दिलेला, कोपरावर कसर लागलेली. ताईने तीन दिवस घेतले आणि जे झालं ते तिने स्वतःच उसवून टाकलं. इस्त्रीवाली काउंटरवरून बघत होती. गिऱ्हाईक गेल्यावर ती पहिल्यांदाच मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली.

"तिचंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"आधीच्या मालकाच्या बायकोचं. ती पण इथेच बसायची. आधी डोकं, मग हात, मग चालणं. गेली ती. म्हणून तर त्याने विकलं."

ताई म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलंस?"

इस्त्रीवालीने पदराला पुसावेत तसे हात आपल्या अंगरख्याला पुसले. "सांगितलं असतं तर दुकान बंद केलं असतंस. या वयात मला कोण कामावर घेणार होतं?" मग म्हणाली, "मागचं दार उघडं ठेवशील असं वाटलं होतं. तो ठेवायचा."

ताई तिच्यावर ओरडली नाही. तिने मला नंतर सांगितलं की, तिला राग येण्याआधी भीतीच वाटली, आणि भीती गेल्यावर राग यायला उशीर झाला होता.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रसायनामुळेच झालं असं कागदावर लिहून देता येणार नाही, म्हणाले, असे आजार असेही होतात. पण यंत्राचे सांधे झिजले असणार, कपडे पुरते वाळायच्या आत दार उघडलं जात असणार, बंद खोलीत ती वाफ रोज छातीत जात असणार. "उद्यापासून तिथे जाऊ नका," ते म्हणाले. "कमी जा असं म्हणत नाही. जाऊच नका."

सोळा महिने झाले होते. आठ राहिले होते.

सल्लागाराचं तिथेही ऑफिस होतं, भावोजी तिकडे धावले. यंत्र बदलू का? नवं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. कपडे दुसरीकडून धुवून आणून नुसतं दुकान चालवू का? सल्लागार म्हणाला, "अर्जात ड्रायक्लीनिंग लिहिलंय. धंद्याचं स्वरूप बदललं की नवा अर्ज, आणि दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून." पहिल्यापासून मोजलं तर बिट्टी एकवीस ओलांडत होती. आईबाप राहिले असते आणि तिला एकटीला परत पाठवलं असतं. बरं, मी यंत्र बघतो, बायको घरी बसेल? तर तेही नाही. परवाना ताईच्या नावावर. तिने स्वतः दुकानात हजर राहून धंदा चालवायचा. अधिकारी न सांगता कधीही येऊन बघू शकत होता.

"मग आजारी पडायचंच नाही का माणसानं?" भावोजी म्हणाले.

"आजाराबद्दल मी काही ऐकलं नाही असं समजा," सल्लागार म्हणाला. "कायमच्या परवान्याच्या वेळी तब्येतीचीही चौकशी होते. तुम्ही जितकं कमी बोलाल तितकं बरं."

त्या दिवशी घरी भावोजींनी ताईसमोर हात जोडले. "चला परत. कुठेही राहू. भाड्याच्या खोलीत राहू." बिट्टीही रडली.  दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला फोन केला.

"छोटे, तू सांग. काय करू?"

मी शिकवते त्या शाळेत होते. मधल्या सुट्टीचा गलका चालला होता. मी एका हाताने दुसरा कान दाबून धरला होता. मी काय सांगायला हवं होतं ते मला आज कळतं, तेव्हाही कळत असणार. पण मला दिसत होती परत आलेली ताई. घर नाही, दुकान नाही, मशीन नाही, आणि बिट्टीचं सगळं अर्धवट. मला हेही दिसत होतं की, ती आली तर आमच्या दोन खोल्यांत येईल. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

"आठच महिने आहेत ना," मी म्हणाले. "दार उघडं ठेव. तोंडाला काहीतरी बांध. निघून जातील बघ."

"हो ना," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटतं."

पुढे सगळी तशीच व्यवस्था झाली. भावोजी पहाटे यंत्र चालवून कपडे काढून ठेवायचे आणि मग गाडी घेऊन जायचे. ताईचं मशीन पुढे आलं. मागचं दार कायम उघडं. पण दिवसा घाईचं काम आलं की यंत्र लावावंच लागायचं, आणि ते तिनेच लावायचं. इस्त्रीवाली आता न सांगता पँटी आखूड करायला लागली होती. तिचा हात जाडाभरडा, टाका तिरका. गिऱ्हाइकं तक्रार करायची तर ताई म्हणायची, "मीच केलंय. चुकलं माझं." रफू लागेल असा कपडा आला की ती सांगायची, आमच्याकडे हे काम होत नाही.

शेवटचे तीन महिने उरले तेव्हा मी लांबलचक बिनपगारी रजा काढून गेले. विमानतळावर ताईला मी ओळखलं ते भावोजींमुळे. ती पाय घासत चालत होती आणि चेहरा असा, जणू तिला माझं येणं आवडलं नाही. नंतर कळलं की, चेहऱ्याच्या शिरा आखडल्या होत्या. ती हसत होती.

पाहुणी म्हणून आलेल्या माणसाने दुकानात कामाला हात लावायचा नाही, असा नियम होता. मी घरी स्वयंपाक करायचे आणि दुपारी डबा घेऊन दुकानात जायचे. तिथेच काउंटरपलीकडच्या खुर्चीवर, गिऱ्हाइकासारखी बसायचे. त्यामुळे अधिकारी आला तेव्हा मी तिथे होते.

तो चाळिशीचा, सभ्य माणूस होता. बूट पुसून आत आला. ओळखपत्र दाखवलं, नोंदवही पाहिली, इस्त्रीवालीला तिचं नाव, पगार, तास विचारले. मग ताईला म्हणाला, "तुम्ही रोज काय काय काम करता?"

ताईने सांगितलं. आवाज बारीक झाला होता तिचा, पण एकेक गोष्ट क्रमाने सांगितली.

"एक कपडा लावून दाखवाल?"

ती उठली. काउंटरवरचा एक कोट तिने घेतला, खिसे तपासले, चिठ्ठी टोचायची होती. टाचणी तिच्या हातात थरथरत होती. दोनदा ती कापडाला लागून निसटली. तिसऱ्यांदा खाली पडली. अधिकारी तिच्या हाताकडे बघत होता. 

तेवढ्यात इस्त्रीवाली वाफेच्या टेबलावरून कडाडली, "बाहेर पाणी गोठतंय आणि ही बाई दार उघडं टाकून बसते! हात नाही गारठणार तर काय होणार? तीनदा सांगितलं हीटर दुरुस्त कर म्हणून. मालक लोक ऐकतात होय आमचं?"

ती तशी पुढे आली, खाली पडलेली टाचणी उचलली, कोटाला चिठ्ठी लावली आणि ताईच्या हातात कोंबली. आणि ज्या खोलीत इतकी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, त्या खोलीत ताईच्या पुढे चालत गेली. यंत्राचं जड दार तिने ओढून धरलं. ताईने कोट आत टाकला, आकडे लावले, बटण दाबलं. अधिकारी दारातच थांबला होता. त्याने एकदा नाक आक्रसलं.

"वास बराच येतो," तो म्हणाला.

"ड्रायक्लीनिंगच्या दुकानात येणारच," इस्त्रीवाली म्हणाली.

त्याने काहीतरी लिहून घेतलं. जाताना तो ताईला म्हणाला, "हीटर दुरुस्त करून घ्या." मला अजून कळलेलं नाही की त्याला सगळं समजलं होतं की काहीच नव्हतं.

दोन वर्षं पुरी झाली आणि कायमच्या परवान्याचा अर्ज गेला. तीन आठवड्यांत तो परत आला. अर्जावरची सही आधीच्या सहीशी जुळत नाही, असा शेरा होता. दोन वर्षांपूर्वीची ताईची सही म्हणजे गोलाकार, एका ओढीत काढलेली, शेवटी शेपटीला एक झोका. आताची सही मुंग्यांची रांग वाटावी अशी. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली असती तर प्रश्न सुटला असता, पण तब्येतीच्या रकान्यात 'ठीक' लिहिलेलं असल्याने ती जोडता येत नव्हती.

मी पहिलीच्या मुलांना शिकवते. हात न वळणाऱ्या मुलांना पेन्सिल कशी धरायला लावायची ते मला माहीत होतं. जाड पेन आणलं, त्याला कापडाची पट्टी गुंडाळली, कागद टेबलाला चिकटवला. ताईची जुनी सही मोठी करून समोर लावली. तिने कोपर टेकवायचं, डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं आणि श्वास सोडताना ओढ काढायची. चार दिवस आम्ही दोघी सकाळपासून तेच करत होतो. औषध घेतल्यावर तासाभराने हात जरा स्थिर व्हायचा, तेवढ्यात पंचवीस-तीस सह्या व्हायच्या. तिसऱ्या दिवशी ती पेन फेकून म्हणाली, "माझंच नाव आहे ना गं हे? मग मला कशाला नक्कल करायला लावतेस?" मी पेन उचलून आणलं. चौथ्या दिवशी एक सही जमली. लगेच अर्ज पुढे केला, त्यावर दुसरी जमली. झोका थोडा वाकडा आला, पण आला.

परवाने आले तेव्हा बिट्टीला एकवीस पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते. पाकीट भावोजींनी फोडलं. तिघांची तीन कार्डं होती. भावोजी ती हातात घेऊन जमिनीवरच बसले. कुणी पेढे आणा म्हटलं नाही. बिट्टीने कॅलेंडर काढून गुंडाळून ठेवलं.

आता दुकान विकायचं होतं. पंधरा दिवसांत त्याच सल्लागाराने एक जोडपं आणलं. कुठल्या तरी तिसऱ्याच देशातलं. तिशीतली बाई, नवरा, कडेवर मूल. तेही ताईसारखेच, धंदा घेऊन राहायला येणारे. भावोजी त्यांना दुकान दाखवत होते. ताई काउंटरमागे बसली होती. बाई मागच्या खोलीत गेली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "तिथे किती ऊब आहे! याचा पाळणा तिथे ठेवता येईल."

ताईने तिला जवळ बोलावलं. आपला उजवा हात काउंटरवर ठेवला आणि नुसता तसाच ठेवला. हात आपोआप थरथरत होता. "हे बघ," ती म्हणाली, "मी तिथे बसत होते. माझ्या आधी जी बसत होती ती मेली. यंत्र टाकून देऊन नवं घेणार असशील तर दुकान घे. नाहीतर घेऊ नकोस."

बाईने मुलाला घट्ट धरलं. ते गेले. सल्लागार रागाने लाल झाला. भावोजींनी दुकानाचं दार लावलं आणि म्हणाले, "घर विकलं होतं आपण. हे दुकान म्हणजे ते घर होतं. आता काय उरलं?" पुढचे नऊ दिवस ते ताईशी बोलले नाहीत. त्या दिवसांत एका छपराखाली चौघं जण आणि आवाज फक्त माझा. दुकान कुणी घेतलं नाही. शेवटी यंत्र भंगारवाल्याने नेलं, तेसुद्धा आम्हीच त्याला पैसे देऊन, कारण आतल्या गाळाची विल्हेवाट लावायला तो फुकट तयार नव्हता. इस्त्रीवालीची नोकरी गेली. ती आता एका हॉटेलात चादरींना इस्त्री करते.

याला सहा वर्षं झाली. भावोजी शाळेची बस चालवतात. बिट्टी एका दातांच्या दवाखान्यात आहे. लग्नाचा विषय काढला की ती म्हणते, आधी आईचं बघू. ती रागावत नाही, पण हसतही नाही. आपल्यामुळे झालं असं तिला वाटतं का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

दर रविवारी फोन होतो. ताईचा आवाज आता इतका खोल गेला आहे की फोनवर शब्द कळतच नाहीत. ती बोलते आणि बिट्टी मला ते मोठ्याने सांगते. गेल्या वर्षी एका रविवारी मी शेवटी म्हणाले, "ताई, मीच तुला आठ महिने काढ म्हणाले होते."

ताई काहीतरी बोलली. मग बिट्टी म्हणाली, "आई म्हणते, तू नको म्हणाली असतीस तरी मी काढले असते." मागून ताईचं आणखी काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"अजून काय म्हणाली?"

"काही नाही मावशी," बिट्टी म्हणाली. "औषधाची वेळ झालीय तिची."

या सुट्टीत मी परत जाणार आहे. बिट्टीने कळवलंय, येताना आईला चार गाऊन आण. बटणं नकोत, हुक नकोत, गळा मोठा हवा, हात वर न करता घालता आले पाहिजेत. तयार तसले मिळाले नाहीत. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे कापड टाकलंय. गळा एवढा मोठा कशाला म्हणून तो वाद घालत होता. मंगळवारी देतो म्हणाला आहे.